वर्गातील अबोल मूल

प्राथमिक शाळेच्या कोणत्याही वर्गात घटकाभर बसून पाहिले असता एक गोष्ट सहज नजरेस येते. शिक्षक प्रश्न विचारतात, पुढच्या रांगेतील दोन-तीन बोटे तत्काळ वर होतात, त्यांतील एकाचे उत्तर येते, ते बरोबर असते आणि पाठ पुढे सरकतो. दिवसभरात असे कितीतरी प्रश्न होतात. उत्तरे देणारी तोंडे मात्र तीच ती असतात. भिंतीला टेकून बसलेली एखादी मुलगी जूनपासून दिवाळीपर्यंत हजेरीच्या ‘हजर’पलीकडे एक शब्दही बोललेली नसते. मधल्या सुट्टीत हीच मुलगी लंगडीच्या डावात ‘बाद, बाद’ म्हणून मोठ्याने ओरडते, धाकट्या भावाला दटावते, घरी गेल्यावर आजीला शाळेतली हकीकत रंगवून सांगते. तिच्या वाणीत दोष नाही हे यावरून उघड आहे. तरीही ‘बुजरी आहे’, ‘मठ्ठ आहे’ असा शेरा एकदा पडला, की तो तिच्याबरोबर वरच्या वर्गात जातो, आणि चौथी-पाचवीपर्यंत तिला स्वतःलाच तो खरा वाटू लागतो. पुढे अशी मुले शाळेतून गळाली तरी वर्गाला त्यांची उणीव फारशी भासत नाही, कारण त्यांचा आवाज वर्गाने कधी ऐकलेलाच नसतो.

अशा मुलास उद्देशून ‘धीट हो’, ‘घाबरू नकोस’, ‘मोठ्याने बोल’ असे सांगण्याचा प्रघात आहे. हेतू चांगला असला तरी त्याचा उपयोग अल्प होतो. आल्बर्ट बंडुरा (१९२५–२०२१) या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली या प्रश्नाची जी उकल मांडली, ती प्राथमिक शिक्षकाच्या फार उपयोगाची आहे. आत्मविश्वास म्हणून जी गोष्ट आपण ओळखतो, ती बहुतांशी ‘हे अमुक काम मला जमेल’ अशी त्या त्या कामापुरती असलेली खात्री होय. आणि ही खात्री मनुष्यास चार वाटांनी मिळते. पूर्वी ते काम स्वतः करून ते साधल्याचा अनुभव ही पहिली वाट. आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणास ते साधलेले पाहणे ही दुसरी. इतरांनी दिलेला धीर ही तिसरी. आणि छातीची धडधड, घशाची कोरड इत्यादी शरीराच्या खुणांवरून आपण स्वतःविषयी जो अर्थ काढतो, तो चौथी. यांत पहिली वाट सर्वांत बलवान आहे. शाळेत मात्र सर्वाधिक वापर होतो तो तिसरीचा, म्हणजे तोंडी धीर देण्याचा. ज्या मुलाने वर्गात एकही वाक्य आजवर पुरे केलेले नाही, त्याच्या गाठीशी अनुभव आहे तो न बोलण्याचा. त्यावर उपदेशाचा लेप कितीही चढविला तरी तो टिकत नाही. तेव्हा शिक्षकाचे खरे काम त्या मुलास बोलणे साधल्याचा एक लहानसा, पण खराखुरा अनुभव मिळवून देणे हे ठरते. हा अनुभव कसा मिळवून द्यावा, याचा विचार येथे केला आहे.

सर्वांत सोपा, बिनखर्चाचा आणि तरीही सर्वांत अवघड उपाय म्हणजे थांबणे. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञान-शिक्षणतज्ज्ञ बाईंनी प्राथमिक वर्गांतील पाठांची ध्वनिमुद्रणे तपासून १९७४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्न विचारल्यानंतर उत्तरासाठी शिक्षक सरासरीने सुमारे एक सेकंदच थांबतात, असे त्यांना आढळले. तेवढ्यात उत्तर न आल्यास शिक्षक प्रश्न पुन्हा उच्चारतात, दुसऱ्या मुलाचे नाव घेतात किंवा उत्तर स्वतःच देऊन टाकतात. उत्तर आल्यावरही तितक्याच घाईने ते ‘बरोबर’ म्हणून पुढे जातात. शिक्षकांनी हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत वा त्याहून अधिक वाढविले, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणे आणि गप्प राहणे कमी झाले, आपण होऊन बोलणारी मुले वाढली, मुलेच प्रश्न विचारू लागली. आणि ज्यांना शिक्षक मंद समजत होते त्यांचा सहभाग वाढला. याहून विचार करायला लावणारी एक गोष्ट त्यांच्या नजरेस आली होती. हुशार मानलेल्या मुलांसाठी शिक्षक अधिक वेळ थांबत आणि मागे पडलेल्या मुलांसाठी कमी. ज्याला विचाराला वेळ अधिक हवा, त्यालाच तो कमी मिळत होता, आणि शिक्षकांना याची जाणीवही नव्हती.

ही स्थिती केवळ अमेरिकेतील वर्गांची आहे असे मानण्याचे कारण नाही. ज्या शिक्षकास शंका असेल त्याने आपलाच एखादा पाठ मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून नंतर एकांतात ऐकावा आणि प्रश्न व नाव यांमधील अंतर घड्याळाने मोजावे. या तपासणीस कोणाची परवानगी लागत नाही आणि तिचा अहवालही कोणास द्यावयाचा नसतो.

तीन सेकंद ऐकावयास अल्प वाटतात. फळ्यासमोर उभे राहून ते काढताना मात्र फार दीर्घ भासतात. वर्गातील शांतता म्हणजे आपले अपयश, असे शिक्षकास वाटू लागते, आणि दारातून कोणी अधिकारी डोकावत असल्यास तर अधिकच. यासाठी मनातल्या मनात सावकाश ‘एक, दोन, तीन’ मोजण्याची सवय लावून घ्यावी. प्रश्न आधी विचारावा, नाव नंतर घ्यावे. नाव आधी घेतले की उरलेला वर्ग विचार करणे सोडून देतो. बोटे वर करण्याची चाल काही प्रश्नांपुरती बंद ठेवावी, कारण पहिले बोट वर झाले की बाकीच्यांचा विचार तेथेच थांबतो. आपण का थांबत आहोत हे मुलांना आरंभीच सांगून टाकावे. नाहीतर गुरुजी रागावले आहेत अशी त्यांची समजूत होते. उत्तर आल्यावरचे थांबणेही तितकेच मोलाचे आहे. अर्धे वाक्य बोलून थबकलेले मूल पुष्कळदा दुसऱ्या अर्ध्याची जुळवाजुळव करीत असते. बहुवर्ग शाळेत एकाच शिक्षकास तीन-चार इयत्ता सांभाळावयाच्या असतात, तेथे प्रत्येक प्रश्नास असा अवकाश देता येणार नाही हे खरे आहे. पाढे, तारीख, वार यांसारख्या पाठांतराच्या प्रश्नांना त्याची गरजही नसते. ज्या प्रश्नात ‘का’ आणि ‘कसे’ आहे, तेथे तो द्यावा.

थांबूनही जे मूल बोलत नाही, त्याच्यासाठी बोलण्याचे ठिकाण बदलावे लागते. रॉबर्ट झायोन्क यांनी १९६५ साली दाखविले, की चांगली अंगवळणी पडलेली कृती इतरांच्या देखत अधिक सफाईने होते, आणि अर्धवट शिकलेली कृती इतरांच्या देखत अधिक बिघडते. घरी घडाघडा म्हटलेली कविता वर्गासमोर अडते याचे कोडे यावरून बरेचसे उलगडते. कच्ची गोष्ट आधी खाजगीत पक्की व्हावी आणि मगच चारचौघांसमोर यावी, हा क्रम ठेवला तर पुष्कळ अनवस्था टळते. प्रश्न विचारून मुलांना शेजाऱ्याशी मिनिटभर बोलू द्यावे व मग उत्तर मागावे, ही १९८१ साली फ्रँक लायमन यांनी रूढ केलेली पद्धत याच कारणाने गुणकारी ठरते. येथे अबोल मुलास सर्वांत बडबड्या मुलाशेजारी बसविण्याचा मोह टाळावा. तो याच्या वाटचेही बोलून टाकतो. शांत आणि मायाळू जोडीदार अधिक बरा.

पायरीपायरीने भीती घालविण्याचा मार्ग मानसशास्त्रात जुनाच आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली सशाला भिणाऱ्या, तीन वर्षेही पुरी न झालेल्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा त्यांनी दुरून दाखविला व दिवसागणिक थोडा थोडा जवळ आणला. न भिणारी दुसरी मुलेही त्याच्यासोबत असत. अखेरीस ते मूल सशाशी खेळू लागले. आपल्या शाळांत यासाठी निराळी सोय करावयास नको. रोजचा परिपाठ हीच आयती शिडी आहे. पण बहुतेक शाळांत सुविचार, दिनविशेष आणि बातम्या वाचणारी मुले वर्षभर ठरलेली असतात, कारण पाहुणे आले असता फजिती नको असते. ही चाल मोडावी. अबोल मुलाने पहिल्या आठवड्यात चौघांच्या गटाबरोबर प्रार्थनेची सुरुवात करावी. पुढे एका मित्रासह दोघांनी मिळून वार व तारीख सांगावी. मग त्याने एकट्याने एकच वाक्य वाचावे, आणि तेही आदल्या दिवशी वाचून पाहिलेले असावे. एक पायरी कंटाळवाणी वाटेपर्यंत दुसरीवर चढवू नये. गॅदरिंगमध्ये एकदम राजाची भूमिका देऊन त्याचे ‘धाडस वाढविणारे’ उत्साही शिक्षक असतात. तेथे मूल अडखळले, की पहिल्या वाटेने मिळावयाचा होता तो अनुभव नेमका उलटा मिळतो आणि वर्षभराचे काम पाण्यात जाते.

आता ज्या कारणाकडे सर्वांत अधिक लक्ष पुरविले पाहिजे, तिकडे वळणे अवश्य आहे. महाराष्ट्रातील असंख्य मुलांच्या मौनाचे मूळ भित्रेपणात नसून भाषेत आहे. मेळघाटातील मूल घरी कोरकू बोलते, गडचिरोलीतील गोंडी, पालघरकडील वारली, नंदुरबारच्या डोंगरात भिली व पावरी, खानदेशात अहिराणी. ऊसतोडणीसाठी वा विटभट्टीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची आणि परप्रांतांतून आलेल्या मजुरांची मुले आणखी निराळ्या बोली घेऊन येतात. एखादा मुलगा ‘मना बाप वावरमा गया’ असे म्हणतो. वाक्य अर्थपूर्ण आहे, व्याकरणशुद्ध आहे, प्रश्नाचे उत्तरही त्यात पुरेपूर आहे. पण वर्ग हसतो आणि शिक्षक ‘नीट बोल’ म्हणतात. त्या एका क्षणात मूल दोन गोष्टी शिकते. आपल्या आईची भाषा येथे चालत नाही. आणि तोंड न उघडणे हेच येथे शहाणपणाचे आहे. पुढे त्याच्या गप्प बसण्याचा उगम कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

अशा प्रसंगी शिक्षकाने आधी आशयास उत्तर द्यावे. ‘अस्सं, वडील शेतात गेले का? काय पेरलं आहे यंदा?’ एवढे म्हटल्याने मुलाचे म्हणणे पोहोचल्याची पावती त्यास मिळते, प्रमाण मराठीतील वाक्य त्याच्या कानी पडते, आणि चूक काढल्याचा डंख राहत नाही. मुलांच्या बोलीतील पन्नास-शंभर शब्द शिक्षकाने वहीत टिपून शिकून घ्यावेत. शिक्षक ते शब्द उच्चारताना चुकले आणि मुलांनी हसत त्यांना सुधारले, तर तो दिवस वर्गाच्या भाग्याचाच समजावा. चुकत बोलणे लाजिरवाणे नसते हे मुलांना त्या दिवशी डोळ्यांनी दिसते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण, आणि भय, आघात व चिंता यांपासून मुक्त राहून आपले विचार मोकळेपणाने मांडण्यास बालकास साहाय्य, या दोन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत आल्या आहेत. कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. मुलाच्या बोलीची वर्गात नक्कल करणे या मनाईत बसते किंवा कसे, याचा काथ्याकूट करीत बसण्यापेक्षा ते न करणे सोपे आहे.

कायद्याच्या पुष्कळ आधी हे शहाणपण महाराष्ट्रात प्रत्यक्षात आले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले. त्यांच्या व अनुताई वाघ यांच्या ध्यानी आले, की वारली पाड्यांवरील मुले शाळेकडे येत नाहीत, आणि आली तरी बावरून जातात. म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात गेली व ‘अंगणवाडी’ हे नाव रूढ झाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरली. परक्या जागी मुकी राहणारी मुले ओळखीच्या जागी, ओळखीच्या वस्तूंविषयी बोलती होतात, हे त्या कामाने दाखवून दिले. आज प्रत्येक शाळा अंगणात नेता येणार नाही. पण अंगणातील विषय वर्गात आणण्यास अडचण कसली? ज्या मुलाला राष्ट्रीय प्राण्यावर चार वाक्ये सांगता येत नाहीत, त्याला आपल्या शेळीला काय झाले होते हे सांगता येते. बोलण्याची सुरुवात शेळीपासून करावी.

मूल बोलले की त्याची प्रशंसा करणे ओघानेच येते. येथेही थोडे तारतम्य हवे. क्लॉडिया म्यूलर व कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काही कोडी सोडविल्यावर कित्येकांना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, तर इतरांना ‘तू मेहनत घेतलीस’ असे. पुढे मुद्दाम कठीण कोडी देऊन त्यांना अपयशाची चव दिली. त्यानंतर ‘हुशार’ म्हटलेली मुले लवकर खचली, त्यांचे पुढचे काम उतरले, आणि आपले गुण दुसऱ्या मुलांना कळविताना ते वाढवून सांगण्याकडेही त्यांचा कल अधिक दिसला. मेहनतीची प्रशंसा झालेली मुले कोड्यांशी झटत राहिली. या विचारावर आधारलेल्या मोठ्या कार्यक्रमांचा परिणाम पुढील अभ्यासांत बेताचाच आढळला आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. शब्द बदलल्याने चमत्कार घडत नाही. तरीही ‘शाब्बास’ एवढेच म्हणण्याऐवजी ‘आज तू मागच्या बाकापर्यंत ऐकू येईल असं बोललीस’ असे नेमके सांगितले, तर मुलीला आपण काय केले हे कळते आणि उद्या ते पुन्हा करता येते. दर वाक्याला टाळ्या वाजविण्याची पद्धत अबोल मुलाला तर जाचकच होते. सर्वांचे डोळे आपल्याकडे वळू नयेत म्हणूनच तर ते गप्प असते.

सहावी-सातवीच्या वयात हे डोळ्यांचे भय विशेष वाढते. थॉमस गिलोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे एका गायकाचे चित्र असलेला सदरा घालून इतरांच्या खोलीत पाठविले. तेथील जवळजवळ निम्म्या जणांनी तो पाहिला असेल असे त्यांना वाटले. वस्तुतः सुमारे पाव जणांनाच ते आठवत होते. आपली चूक आपल्याला जेवढी मोठी दिसते तेवढी ती इतरांस दिसत नाही. मोठ्या मुलांना ही हकीकत सांगितल्यास ती तिचा अर्थ चटकन पकडतात.

शिक्षकाच्या स्वतःच्या बोलण्यासही मानसशास्त्राचा एक धडा लागू पडतो. १९९० साली एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना प्रसिद्ध गाण्यांचा केवळ ठेका टेबलावर वाजवावयास सांगितले. ऐकणारे निम्मी गाणी ओळखतील असा वाजविणाऱ्यांचा अंदाज होता. १२० पैकी ओळखली गेली तीन. वाजविणाऱ्याच्या मनात पूर्ण चाल चाललेली असते, ऐकणाऱ्याच्या कानी फक्त टकटक पडते. ‘हातचा घेणे’ हे शिक्षकाच्या मनात असेच सुरेल गाणे असते. ‘समजलं का?’ या प्रश्नाला वर्ग ‘हो’ असे एकमुखाने म्हणतो, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ‘आता हे तुझ्या शब्दांत मित्राला सांग’ असे म्हटल्यावर खरी परीक्षा होते, आणि अबोल मुलासही बोलण्याचे निमित्त मिळते.

अलीकडे व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांतून शिक्षकांच्या कानी काही ठाम आकडे पडतात, त्यांविषयी सावध असावे. संभाषणात शब्दांचा वाटा केवळ सात टक्के, बाकी सारे आवाज व देहबोली, असे सांगितले जाते. याचा उगम आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांत आहे. सुटे शब्द निरनिराळ्या स्वरांत व चेहऱ्यांनिशी ऐकविले असता बोलणाऱ्याची आवड-नावड कशावरून जोखली जाते, एवढ्यापुरतेच ते मर्यादित होते. भागाकार शिकविताना शब्दांचे महत्त्व सात टक्के नसते हे कोणीही शिक्षक सांगेल. तीच गोष्ट ऐटीत उभे राहून शरीरातील स्राव बदलण्याची. २०१० साली गाजलेला हा दावा २०१५ मध्ये अधिक लोकांवर पडताळला असता स्रावांबाबत टिकला नाही. मुलाला ताठ उभे राहावयास जरूर शिकवावे. त्यावरून त्याला बोलण्याचे बळ आपोआप येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

पालकांच्या भेटीत मुलाच्या देखत ‘ही वर्गात बोलतच नाही’ असे कदापि म्हणू नये. घरी ती कशाविषयी बोलते, कोणाशी बोलते, एवढे विचारून घ्यावे. पुढच्या पाठाचे साहित्य पुष्कळदा तेथेच सापडते. याच भेटीत आणखी एक उलगडा होऊ शकतो. मूल घरीही हाकेला उशिरा ओ देते, टीव्हीचा आवाज मोठा करते, कान वाहतो, असे कळल्यास प्रश्न आत्मविश्वासाचा नसून श्रवणाचा असण्याचा संभव असतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, तेव्हा असे मूल नाव घेऊन दाखवावे. पथकाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविल्यास अधिक उत्तम. तोवर त्याला पुढच्या रांगेत, शिक्षकाचे ओठ दिसतील असे बसवावे.

काही थोडी मुले अशीही असतात, की घरी मनमोकळे बोलतात, परंतु शाळेत पहिला नवखेपणाचा महिना उलटून गेल्यावरही, आठवड्यामागून आठवडे कोणाशीच एक शब्द बोलत नाहीत. खेळताना आणि मित्रांशीही नाही. हा हट्ट नव्हे. तीव्र चिंतेतून उद्भवणारी ही अवस्था वैद्यकशास्त्रास परिचित आहे व तीवर उपचार होतात. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचा सल्ला पालकांना समजावून द्यावा. बोलण्यासाठी आमिष दाखविणे, पैजा लावणे, ‘आज बोललीच पाहिजेस’ असे अडवून धरणे पूर्णपणे बंद करावे. अशा मुलास हजेरीच्या वेळी हात वर करण्याची, बोटाने दाखविण्याची, पाटीवर लिहून उत्तर देण्याची मोकळीक असावी, आणि पाटीवरील त्या उत्तरासही इतर उत्तरांइतकाच वेळ थांबून दाद द्यावी.